शिडाच्या बोटीला जेट थ्रस्टर: भोक छोटं, जबाबदारी मोठी

"ओळखीबाहेरचं काम घ्यावं की नाही" या आपल्या व्हिडिओत मी एका बोटीच्या कामाचा उल्लेख केला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की सर, हे जेट थ्रस्टर म्हणजे नक्की काय, आणि पंप-मोटरचं दुकान असणाऱ्याने अशा कामात पडावं का? व्हिडिओत आकडे नीट दाखवता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. पंप, वायरिंग किंवा फायबर यातलं कुठलंही काम तुम्ही करत असाल, तर हे तुमच्या कामाचं आहे.

आधी गिऱ्हाईकाची अडचण समजून घ्या

गोव्यात मांडवीच्या मुखाजवळ एक ३४ फुटी फायबरची शिडाची बोट होती. मालक निवृत्त, वय साठीच्या पुढे. ते आणि काकू, दोघंच बोट चालवायचे. जेट्टीला लागताना काका मागे सुकाणूवर आणि काकू पुढे नाळेवर आकडीची काठी घेऊन उभ्या. एके दिवशी बाजूने वारा आला, नाळ जेट्टीकडे ढकलली गेली आणि काकूंनी सवयीने हात मध्ये घातला. थोडक्यात वाचल्या. काका मला म्हणाले, "अहो, एक तर हे यंत्र बसवून द्या, नाही तर मी बोट विकतो."

इथे समजून घ्या. गिऱ्हाईक थ्रस्टर विकत घेत नव्हतं. बायकोचा हात शाबूत ठेवून अजून काही वर्षं समुद्रावर जाता यावं, हे तो विकत घेत होता. हे डोक्यात ठेवलं की कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, ते आपोआप कळतं.

शिडाच्या बोटीची अडचण काय असते? तिचं इंजिन छोटं, पंखा मागे, सुकाणू मागे. बोट चालू असेल तर सुकाणूवरून पाणी वाहतं आणि ती वळते. जेट्टीजवळ वेग शून्यावर आला की सुकाणू निकामी. त्यात नाळ हलकी आणि पाण्यात फारशी बुडालेली नाही, म्हणून वारा पहिला नाळेलाच धरतो. तिथे आडवा रेटा देणारं यंत्र म्हणजे बो थ्रस्टर.

टनेल आणि जेट, फरक काय?

जुनी पद्धत टनेलची. नाळेत पाण्याखाली आरपार नळी बसवायची आणि तिच्यात आडवा पंखा. या आकाराच्या बोटीला साधारण १८५ मिमी व्यासाची नळी लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर भोक. शिडाच्या बोटीची नाळ निमुळती आणि उथळ असल्यामुळे एवढी नळी पुरेशी खोल बसवायला जागाच नसते. शिवाय शीड लावून चालताना ती भोकं पाणी अडवतात.

जेट थ्रस्टरमध्ये पंखा बाहेर नसतो. बोटीच्या आत एक मोठा पंप असतो. तो बुडातून पाणी ओढतो, व्हॉल्व्ह ते डावीकडे किंवा उजवीकडे वळवतो, आणि जाड होजमधून ते पाणी नाळेच्या छोट्या नोझलमधून जोरात बाहेर पडतं. पाणी उजवीकडे फेकलं की नाळ डावीकडे जाते. बागेतला पाइप हातातून मागे ढकलतो, तेच तत्त्व. फायदा हा, की भोकं छोटी, पंप बिछान्याखाली कुठेही ठेवता येतो आणि एकाच पंपावर पुढची आणि मागची दोन्ही नोझल चालवता येतात.

मग सगळे जेटच का लावत नाहीत? कारण छोट्या भोकाची किंमत विजेत मोजावी लागते. हिशोब बघा.

रेटा = पाण्याची घनता × नोझलचं क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग. पाण्याला लागणारी पॉवर = रेटा × वेग ÷ २.

आपल्याला ३०० न्यूटन, म्हणजे साधारण ३० किलोचा रेटा हवा आहे असं धरू.

४० मिमीच्या नोझलमधून हा रेटा काढायला पाणी सेकंदाला सुमारे १५.४ मीटर वेगाने सोडावं लागतं, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. दर सेकंदाला जवळपास १९ लिटर. पॉवर लागते २.३ किलोवॅट.

तोच रेटा १८५ मिमीच्या टनेलमधून काढला तर वेग फक्त ३.३ मीटर, आणि कागदावरची पॉवर अर्धा किलोवॅट.

दोन्हीकडे पंपाचं आणि मोटरचं नुकसान वेगळं. जेटमध्ये ते धरून बॅटरीतून ४ किलोवॅटच्या पुढे ओढ जाते. १२ व्होल्टवर ४.२ किलोवॅट म्हणजे ३५० अँपिअर! हा आकडा अधोरेखित करून ठेवा. माझी सगळी चूक याच आकड्यात होती.

किती रेटा पुरेसा?

३४ फुटी बोटीला बाजूने वारा लागणारं क्षेत्रफळ, केबिन आणि डोलकाठीसकट, मी १४ चौरस मीटर धरलं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. नाळेवरचा थ्रस्टर बोटीला मागच्या टोकाभोवती फिरवतो, म्हणून साधारण अर्धा जोर त्याच्या वाट्याला येतो. ढोबळ हिशोब असा:

- १० नॉट वारा: नाळेवर सुमारे ११ किलो
- १५ नॉट वारा: सुमारे २५ किलो
- २० नॉट वारा: सुमारे ४५ किलो

म्हणजे ३० किलोचं यंत्र १५ नॉटपर्यंत साथ देईल, २० नॉटला हरेल. हे गिऱ्हाईकाला पैसे घेण्याआधी सांगायचं, नंतर नाही. मी काकांना कागदावर लिहून दिलं, "पंधरा नॉटच्या वर या यंत्रावर विसंबू नका." त्यांना वाईट वाटलं नाही, उलट विश्वास बसला.

एक फुकटची युक्ती: नोझल जितकं पुढे, तितका वळवायचा जोर जास्त. फिरण्याच्या बिंदूपासून ६ मीटरवर बसवण्याऐवजी ८ मीटरवर बसवलं, तर तेवढ्याच विजेत एक तृतीयांश जोर जास्त मिळतो. पण ते पाण्याच्या रेषेच्या पुरेसं खालीही पाहिजे, नाही तर लाटेवर नाळ उचलली की नोझल हवेत फवारे मारत बसतं.

भोक पाडण्याआधी

इनटेकचं भोक समजा ६० मिमीचं आहे आणि पाण्याखाली अर्धा मीटर आहे. तिथली फिटिंग निघाली तर मिनिटाला साधारण ३०० लिटर पाणी आत येतं. "ताशी २,००० गॅलन" लिहिलेला बिल्ज पंप अगदी आदर्श स्थितीत मिनिटाला १२६ लिटर बाहेर फेकतो. म्हणजे काय? पंप चालू असतानाही बोट बुडणार. दुकानात पंप बसवताना गळती झाली तर फरशी पुसावी लागते. इथे गळती झाली तर माणसं पाण्यात. या कामात "चालतंय की" हा शब्द विसरा.

क्रमाने जा:

१. आतून बघा. फ्रेम, पाण्याची टाकी, वायर, नांगराच्या साखळीचा कप्पा कुठे आहे ते मोजा. नाळेजवळ एक जलाभेद्य आडवी भिंत असू शकते. टक्कर झाली तर पाणी पुढेच अडावं म्हणून ती असते. होज त्या भिंतीतून नेलीत तर तिथेही पक्कं सील पाहिजे, नाही तर ती भिंत असून नसल्यासारखी.

२. हातोडीने वाजवून बघा. प्लास्टिकच्या हातोडीने हळू ठोका. टणक आवाज म्हणजे भरीव फायबर. बद आवाज म्हणजे आत फोम किंवा बाल्सा लाकडाचा थर असू शकतो, किंवा थर सुटलेला असू शकतो. असा थर निघाला तर भोकाभोवती तो कोरून काढायचा आणि जागा घट्ट इपॉक्सीने भरायची. तसंच फिटिंग बसवलं तर पाणी थरात झिरपतं आणि दोन वर्षांनी हल आतून कुजलेली सापडते.

३. इनटेकची जागा. खोल आणि समोर मोकळं पाणी असलेली. टॉयलेटच्या आउटलेटच्या मागे नको. आतल्या बाजूला बंद करता येणारा सी-कॉक हवाच, आणि त्याच्यापर्यंत हात गेला पाहिजे. फळी उचकटून पोचावं लागत असेल तर तो नसल्यातच जमा.

४. आधी बारीक ड्रिलने पायलट भोक, मग होल सॉ बाहेरून. निघालेली चकती फेकू नका! तिच्यावर हलची जाडी, थर, ओल सगळं दिसतं. मी ती चकती तारीख टाकून जॉब फाइलला लावतो.

छोटं भोक, मोठं काम

इथे माझा पहिला अंदाज चुकला. नोझलची नळी हलला फायबरने जोडायची असते. नुसतं सीलंट मारून चालत नाही. चांगल्या जोडासाठी भोकाच्या कडेला उतार घासतात, जाडीच्या १२ पट. हलची जाडी ८ मिमी असेल तर उतार ९६ मिमी, म्हणजे भोकाच्या सगळ्या बाजूंनी जवळपास १० सेंटिमीटर. ६० मिमीच्या भोकासाठी पाव मीटर व्यासाचं वर्तुळ घासावं लागलं! त्यावर काच कापडाचे थर, मग घासणं, मग इपॉक्सी प्रायमर, मग अँटिफाउलिंग रंग.

आपल्याकडच्या दमट हवेची वेगळीच गंमत. इपॉक्सी सुकताना वर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन, घासूनच पुढचा थर द्यायचा. नाही तर थरावर थर चिकटत नाही आणि वरून काही दिसतही नाही. पावसाळ्यात बोट बाहेर काढलेली असते म्हणून काम सोपं वाटतं. पण छपराखाली कोरडी जागा नसेल तर ते काम ऑक्टोबरनंतर घ्या.

होज जाड तारेची आणि शक्य तितकी सरळ ठेवा. प्रत्येक काटकोनी वळण रेटा खातं. प्रत्येक जोडाला ३१६ स्टीलच्या दोन क्लिप. बाजारातल्या साध्या क्लिपचा पट्टा स्टीलचा असतो, पण स्क्रू गंजणारा. चुंबक लावून स्क्रू तपासा.

वायरमध्ये वाया गेलेला रेटा

आता माझी चूक. बॅटऱ्या मागे इंजिनजवळ होत्या, पंप पुढे, अंतर ९ मीटर. जाणं-येणं धरून वायर १८ मीटर. मी ५० चौरस मिमीची वायर टाकली. दुकानाच्या सवयीने ती भरपूर जाड वाटली. "थोडा वेळच तर चालणार, गरम होणार नाही," असा विचार. गरम झालीही नाही.

पण प्रश्न गरम होण्याचा नव्हता, व्होल्टेजचा होता. तांब्याचा हिशोब सोपा आहे: ०.०१७५ × लांबी मीटरमध्ये ÷ जाडी चौरस मिमीमध्ये = रेझिस्टन्स. ०.०१७५ × १८ ÷ ५० = ०.००६३ ओहम. गुणिले ३५० अँपिअर, म्हणजे २.२ व्होल्ट वायरमध्येच संपले. चाचणीत बॅटरीजवळ मीटर ११.८ दाखवत होता, मोटरच्या टर्मिनलवर ९.७. पंपाचा रेटा ढोबळमानाने फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, म्हणजे एक तृतीयांश रेटा गायब.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टरची कॉइल ढिली पडते, तो थरथरतो, ठिणग्या पडतात आणि पॉइंट वितळून चिकटतात. तिसऱ्या चाचणीला मी जॉयस्टिक सोडली आणि पंप थांबलाच नाही. नाळ जेट्टीला दाबत चालली होती. काकू पुढेच उभ्या होत्या. मी ओरडलो, "काकू, मागे व्हा!" आणि केबिनमध्ये धावलो. मेन आयसोलेटर मीच बिछान्याखाली बसवला होता, वर गादी. गादी उचलून तो फिरवेपर्यंतचे ते काही सेकंद मला आजही आठवतात. लागलं कुणालाच नाही, रंग खरवडला फक्त. पण ज्या हातासाठी हे काम घेतलं होतं, तोच हात माझ्यामुळे पुन्हा धोक्यात आला होता.

दुसऱ्या दिवशी सगळी वायर काढली. पुढे पंपाशेजारी वेगळी बॅटरी ठेवली, पट्ट्याने घट्ट बांधून. ९५ चौरस मिमीची वायर, अंतर २ मीटर. आता घट फक्त पाव व्होल्ट. ती बॅटरी भरायला मागून बारीक वायर आणि डीसी-डीसी चार्जर. लक्षात ठेवा, त्या चार्जिंगच्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज पाहिजे, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मुख्य फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ. आणि आयसोलेटर सुकाणूवरून हात पोचेल तिथे, लाल रंगात. (वजन पुढे गेल्यावर नाळ किती खाली बसते तेही बघा.)

शक्य असेल तर गिऱ्हाईकाला सुरुवातीलाच २४ व्होल्टचा सेट घ्यायला सांगा. करंट निम्मा, सगळंच सोपं.

सोपवताना

पाण्यात उतरवताना क्रेनचा पट्टा सोडू नका. बोट पट्ट्यातच तरंगती ठेवा, आत टॉर्च मारा, प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. सी-कॉक उघडा, पुन्हा टिश्यू. मग पंप चालवा, पुन्हा टिश्यू. अर्धा तास कोरडं असेल तरच पट्टा सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

मालकाला शिकवायच्या गोष्टी: थ्रस्टर छोट्या छोट्या टप्प्यांत वापरायचा, सलग दाबून धरायचा नाही, मोटर तापते. डावीकडून एकदम उजवीकडे नाही, मध्ये श्वास घ्यायचा. आपल्या खाड्यांत प्लास्टिक पिशव्या भरपूर, रेटा अचानक कमी झाला तर आधी इनटेकची जाळी बघायची. बोट उभी राहिली तर नोझलमध्ये बार्नेकल धरतात, म्हणून दर आठवड्याला काही सेकंद चालवायचा. आणि सगळ्यात मोठा नियम, थ्रस्टर असला तरी बोट आणि जेट्टीच्या मध्ये हात-पाय कधीच नाही.

आता धंद्याचं

मी त्या कामाची मजुरी ४ दिवसांची धरली होती. मी आणि हेल्पर मिळून दिवसाला ४,५०० रुपये, म्हणजे १८,००० रुपये. लागले ९ दिवस, म्हणजे ४०,५००. २२,५०० माझ्या खिशातून, वाया गेलेली वायर वेगळी. वायरची चूक माझी, तिचे पैसे मागायचे नाहीतच. पण फायबरचे जादा दिवस ही चूक कोटेशनची होती.

तेव्हापासून माझं कोटेशन असं असतं:

१. पाहणीची फी वेगळी, काम मिळो न मिळो.
२. ठरलेलं काम ठरलेल्या दरात: पंप, होज, वायरिंग.
३. उघडल्यावर कळणारं काम रोजाच्या दराने: फायबर, ओली हल, जुनी वायरिंग. त्याला वरची मर्यादा. मर्यादा आली की काम थांबवून फोन.
४. कुणाचं काय: क्रेन, जागा, विमा कंपनीला कळवणं ही मालकाची बाजू. पाण्याखालचं प्रत्येक भोक ही माझी.
५. चाचणीचा कागद: मोटरवरचं व्होल्टेज, किती मिनिटं कोरडं राहिलं, फोटो आणि दोघांच्या सह्या.

आणि सहावी गोष्ट, "नाही" म्हणणं. गेटवेसमोर बोट मुरिंगच्या बोयाला बांधलेली असते. बोयाजवळ जेट्टी नसते, वारा येईल तशी बोट फिरते. अशा मालकाने थ्रस्टर मागितला तर मी विचारतो, "साहेब, महिन्यातून किती वेळा जेट्टीला लागता?" उत्तर "कधीतरी" असेल तर मी त्याला दोन जाड फेंडर आणि लांब दोर घ्यायला सांगतो. कोचीच्या बोलगट्टी मरीनासारख्या ठिकाणी दोन बोटींच्या मधल्या जागेत शिरायचं असेल, तर गोष्ट वेगळी. जी वस्तू लागत नाही ती न विकल्यामुळे मला आजवर जितकी कामं मिळाली, तितकी जाहिरातीने मिळाली नाहीत.

काका-काकू अजून जातात. काकू आता काठी घेऊन पुढे उभ्या राहत नाहीत, मागे बसून दोर तयार ठेवतात. माझे २२,५०० वसूल झाले का? पैशात नाही. पण दर वर्षी बोट बाहेर काढली की क्लिप आणि सी-कॉक तपासायला ते मलाच बोलावतात. आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा लाल आयसोलेटर फिरवून बघतो.

तुमच्याकडे असं ओळखीबाहेरचं काम आलं असेल, तर पैसे सांगायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे चुकलं तर नुकसान कुणाचं, आणि ते मला भरून देता येईल का? उत्तर कागदावर लिहा, मग फोन उचला. भेटू पुढच्या व्हिडिओत.